घरच्या बँड रेकॉर्डिंगमधली ‘घूं’ : चार्जरपासून अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत

शेवटचा ठेका पडतो, कीबोर्डचा सूर विरतो आणि मागे एक ‘घूंऽऽ’ उरते. खोलीत ती ऐकू येत नाही, रेकॉर्डिंगमध्ये मात्र असते. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, गाव कुठलंही असो, घरातल्या खोलीत बेंजो, ऑक्टापॅड, कीबोर्ड, ढोलकी आणि दोन माइक लॅपटॉपला जोडले की ही तक्रार ठरलेली. आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) आणि लग्नाची गाणी ऐन उन्हाळ्यात बसवली जातात, आणि घूंही उन्हाळ्यातच चढते. त्याचं कारण शेवटी येईल, कारण ते तपासायचंही शेवटीच असतं.

बहुतेक जण यावर दोनच उपाय करतात. एक, सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन मारायचं. दुसरा, नवा इंटरफेस, म्हणजे माइक आणि वाद्यं लॅपटॉपला जोडणारी डबी, मागवायचा. पहिल्याने गायक हंड्यात तोंड घालून गातोय असं वाटायला लागतं. दुसऱ्याने पैसे जातात आणि घूं जागेवरच राहते. इंटरफेस बिचारा क्वचितच दोषी असतो. वीज कुठून आली आणि केबल कशी गेली, दोष बहुतेक वेळा तिथे असतो.

लक्षणं

हेडफोन लावूनच ऐका. लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरवर ५० हर्ट्झ ऐकूच येत नाही, त्यामुळे ‘माझ्याकडे स्वच्छ आहे’ असं वाटतं आणि गाणं गाडीतल्या सिस्टीमवर लागल्यावर फजिती होते.

जाड, गोल, एकसुरी घूं असेल तर ती ५० हर्ट्झची. आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणून हा आकडा. तुटलेलं शिल्ड (केबलमधल्या तारेभोवतीची जाळी), उघडी केबल, ट्रान्सफॉर्मरशेजारी ठेवलेला वाद्याचा पिकअप (तारांचं कंपन पकडणारा भाग) ही तिची नेहमीची घरं.

त्यात ‘झर्रर’ मिसळली असेल, म्हणजे १००, १५०, २०० असे वरचे सूरही असतील, तर संशय ग्राउंड लूपवर (तो काय ते पुढे येतं), पंख्याच्या रेग्युलेटरवर, इन्व्हर्टरवर किंवा सुकलेल्या कपॅसिटरवर घ्यायचा. ओळखायची सोपी खूण आहे. कीबोर्डवर मधल्या सप्तकाच्या दोन सप्तकं खाली पांढरी पाच दाबा, ती ९८ हर्ट्झ. मग काळी चार दाबा, ती साधारण १०३.८. विजेची १०० हर्ट्झ या दोघींच्या फटीत बसते. काळी चारमधल्या गाण्यात ही घूं जास्त टोचते ती म्हणूनच. ती षड्जाला घासून बेसूर वाजत असते.

माउस हलवला किंवा स्क्रीन सरकवली की ‘चीं-चुर्र’ होत असेल तर आवाज लॅपटॉपमधून येतोय. ‘टर्र-टक-टक’ होऊन थांबत असेल तर जवळ मोबाइल आहे.

दोन आवाज या लेखाचे नाहीत. नुसती ‘स्सऽऽ’ म्हणजे गेन, आत येणारा सिग्नल वाढवायची खुंटी, जास्त आहे. मध्येच ‘कट-कट’ होऊन आवाज तुटत असेल तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधला बफर (आवाज क्षणभर साठवायची जागा) लहान आहे. १२८ वरून २५६ किंवा ५१२ करा, ब्राउझर बंद करा आणि पुढे चला.

घूं कधी येते हेही लिहून ठेवा. चार्जर लावल्यावरच? लाईट गेल्यावर, इन्व्हर्टरवर असतानाच? बेंजोवाल्याने तारांवरून हात उचलला की? फक्त एप्रिल-मेमध्ये? निम्मं निदान या उत्तरांतच होतं.

तीस सेकंदांची शांतता

पहिलं काम फुकट आहे. सगळं जोडा, गेन गाण्याच्या वेळी असतो तेवढाच ठेवा, सगळे ट्रॅक आर्म करा (रेकॉर्डिंगसाठी सज्ज करा) आणि कुणी काही न वाजवता तीस सेकंद रेकॉर्ड करा. प्रत्येक ट्रॅकचा मीटर बघा. उणे ६० डीबीएफएसच्या (डिजिटल मीटरची मोजपट्टी, शून्य म्हणजे कमाल) खाली असेल तर चालेल. उणे ५० ते ४५ दिसत असेल तर मिक्समध्ये ती वर येणारच.

‘एका ट्रॅकवर तर ऐकूही येत नाही’ हा युक्तिवाद इथेच फसतो. सगळ्या ट्रॅकवरची घूं एकाच विजेतून येते, म्हणून ती एकाच तालात हलते. आठ ट्रॅकवर सारखीच घूं असेल तर बेरजेत ती १८ डीबीपर्यंत वाढते. आठ ट्रॅकची ‘स्सऽऽ’ एकमेकींशी जुळलेली नसते, म्हणून ती साधारण ९ डीबीच वाढते. वरून गायकाच्या ट्रॅकवर कंप्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) लावला, दाबलेलं भरून काढायला १० डीबी मेकअप गेन दिला, मास्टरवर लिमिटर ठेवला की उणे ५५ वर निवांत बसलेली घूं दोन कडव्यांमधल्या जागेत उठून उभी राहते.

ही फाइल तारीख घालून जपून ठेवा. पुढची प्रत्येक तपासणी झाली की पुन्हा तीस सेकंद रेकॉर्ड करायचे आणि आकडा ताडायचा. कानावर भरवसा ठेवू नका. तासाभराने कानाला घूंची सवय होते.

फुकटातल्या तपासण्या

लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करा. घूं किंवा चीं गेली तर दोषी सापडला. लॅपटॉपचा चार्जर थ्री पिन, मिक्सर किंवा अँप्लिफायरही थ्री पिन, आणि दोघांमध्ये यूएसबी नाहीतर ऑडिओ केबल. आता अर्थला जायला दोन वाटा झाल्या, एक भिंतीतून आणि एक केबलच्या शिल्डमधून. दोन सॉकेटच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा जरी फरक असला तरी तो शिल्डमधून वाहतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. कीबोर्डची लाइन पातळी साधारण ३०० मिलिव्होल्ट धरा. त्यात ३ मिलिव्होल्टची घूं शिरली तरी ती सुरापेक्षा फक्त ४० डीबी खाली राहते, आणि तेवढी स्पष्ट ऐकू येते.

सर्वात स्वस्त कायमचा उपाय म्हणजे टेक बॅटरीवर घ्यायचे आणि चहाच्या वेळी चार्जिंग लावायचं. बॅटरीवर गेल्यावर विंडोज प्रोसेसरचा वेग कमी करतं आणि ‘कट-कट’ सुरू होऊ शकते, म्हणून पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर ठेवा.

चार्जरची किंवा अँप्लिफायरची अर्थ पिन तोडून किंवा तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळून घूं घालवणारे पुष्कळ भेटतात. घूं जातेही. पण त्या यंत्रात आत फेज बॉडीला लागली तर ती जायची वाट आता गायकाचे ओठ आणि माइकची जाळी हीच उरते. हा उपाय करू नका आणि दुसऱ्याने केलेला दिसला तर ती पिन बदलून घ्या.

मग खोलीकडे वळा. सगळे मोबाइल दुसऱ्या खोलीत. पंख्याचा गोल, सलग फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर सर्वात जास्त कचरा टाकतो, कारण तो विजेची लाट दर अर्ध्या फेरीत मध्येच कापतो. पंखा बंद करा, नाहीतर पूर्ण वेगावर ठेवा. टकटक करत टप्प्याने फिरणारे कपॅसिटरवाले रेग्युलेटर त्यामानाने शांत असतात. डिमरवाले दिवे आणि स्वस्तातले एलईडी दिवेही एकेक करून बंद करून बघा. कूलर तर बंद हवाच. त्याची मोटर, त्याचा पंप आणि त्याचा वारा तिन्ही माइकला नको असतात. मे महिन्यात भुसावळात कूलर बंद करून गायचं म्हणजे शिक्षा आहे हे मान्य. पहाटे पाच ते आठ हा वेळ पकडा, त्या वेळी आजूबाजूचे कूलरही कमी असतात.

सगळं एका बोर्डावर

लॅपटॉप, मिक्सर, कीबोर्ड, ऑक्टापॅड, अँप्लिफायर, सगळ्यांची वीज एकाच भिंतीच्या सॉकेटमधून घ्या. एक चांगला थ्री पिनवाला एक्स्टेन्शन बोर्ड पुरतो. लोक घाबरतात की ‘एवढा लोड एका पिनवर?’ हिशेब करा. लॅपटॉप ६५ वॉट, मिक्सर २०, कीबोर्ड १५, ऑक्टापॅड १०, छोटा अँप्लिफायर ६० ते १००. १७० ते २१० वॉट बेरीज. ६ अँपिअरचं सॉकेट १३८० वॉट पेलतं. कूलर, इस्त्री, पाण्याची मोटर यांना मात्र त्या बोर्डावर जागा नाही.

असं केल्यावर सगळ्यांचा अर्थ एकाच बिंदूवर येतो आणि लूपमधला व्होल्टेज फरक जवळजवळ संपतो. एक यंत्र हॉलमधल्या सॉकेटवर आणि दुसरं स्वयंपाकघरातल्या, अशी मांडणी असेल तर पुढचं काही वाचण्याआधी हे करून बघा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

कोणत्या चॅनेलवर आहे?

मिक्सरवर सगळे फेडर खाली घ्या. तरी घूं कायम असेल तर दोष फेडरच्या पुढे आहे : मास्टर, यूएसबी, लॅपटॉप. फेडर खाली घेताच गेली तर एकेक वर करत जा आणि कोणत्या चॅनेलबरोबर ती येते ते पकडा. नुसता इंटरफेस असेल तर तेच काम ट्रॅक म्यूट करून होतं.

चॅनेल सापडला की केबल काढायची, पण मिक्सरच्या टोकाची. इथे हमखास चूक होते. वाद्याच्या टोकाची केबल काढली तर मोकळं टोक ॲन्टेना बनतं, घूं उलट वाढते आणि माणूस निष्कर्ष काढतो की केबल खराब. मिक्सरच्या टोकाने काढल्यावर शांत झालं तर दोष केबल किंवा वाद्यात. नाही झालं तर त्या चॅनेलमध्ये. मग तीच केबल शेजारच्या चॅनेलमध्ये घालून खात्री करा.

मिक्सरमधून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात जाणारी केबल असेल तर तिथेच थांबा. ते भोक माइकच्या बारीक सिग्नलसाठी असतं आणि त्यावर माइकसाठीचा थोडा व्होल्टेजही असतो. त्यात मिक्सरची लाइन पातळी दिली की आवाज फाटणार आणि घूंही येणार. दोन चॅनेलचा साधा यूएसबी इंटरफेस हाच त्यावर उपाय.

केबल

जॅकची धातूची टोपी फिरवून मागे सरकवा. आत मधली बारीक तार लहान कानाला डाग देऊन लावलेली दिसेल आणि बाहेरची विणलेली तांब्याची जाळी पीळ देऊन लांब पट्टीला. त्या लांब पट्टीच्या तोंडाशी नीट बघा. केबल ओढून ओढून जाळीचे केस एकेक तुटत जातात आणि शेवटी दोन-चार केसांवर सगळं लटकलेलं असतं. वाजवताना आवाज येतो, म्हणून केबल चांगली वाटते. पण जाळी सुटली की मधली तार उघड्यावर पडते.

मल्टिमीटर बीपवर ठेवा. टोक ते टोक बीप, बाही (जॅकचा मागचा लांब भाग) ते बाही बीप, टोक ते बाही बीप नको. एक्सएलआरमध्ये (माइकच्या तीन पिनांच्या केबलमध्ये) १ ते १, २ ते २, ३ ते ३. बीप चालू असताना दोन्ही टोकांशी केबल वाकवून बघा. बीप तुटली तर तिथून दोन इंच केबल कापून पुन्हा डाग द्या.

बँडच्या पेटीत हमखास सापडणारी दुसरी गोष्ट म्हणजे स्पीकरची केबल. दोन्हीकडे तसाच जॅक, आत मात्र शेजारी शेजारी दोन साध्या वायरी, जाळीच नाही. अँप्लिफायरपासून स्पीकरपर्यंत ती योग्य. बेंजोला लावली तर घूं येणारच. ओळख पटली की तिच्यावर रंगीत टेप गुंडाळून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा हातात येईल.

वाद्याची साधी, दोन तारांची केबल तीन मीटरपर्यंत ठीक. पाच-सहा मीटर जायचं असेल तर बॅलन्स्ड केबलच हवी. तिच्यात एकच सिग्नल सरळ आणि उलटा असा दोन तारांतून जातो. वाटेत शिरलेली घूं दोन्हीवर सारखीच असते आणि पुढे वजाबाकीत नाहीशी होते. पण टीआरएस (तीन जोडांच्या जॅकची, बॅलन्स्ड) केबल घेऊन ती अनबॅलन्स्ड आउटपुटच्या कीबोर्डला लावली तर काही फायदा नाही. दोन्ही टोकांची यंत्रं बॅलन्स्ड असावी लागतात.

ऑडिओ केबल आणि विजेची वायर एकत्र गुंडाळू नका. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडू द्या. उरलेली केबल अडॅप्टरवर वेटोळं घालून ठेवण्याची खोड मोडा.

पातळी

हे पटकन. कीबोर्ड आणि ऑक्टापॅडचा व्हॉल्यूम तीन-चतुर्थांश ठेवा आणि मिक्सरचा गेन कमी करा. उलटं केलं तर केबलमध्ये शिरलेली घूं सुराबरोबर वाढवली जाते. २४ बिटवर रेकॉर्ड करा, सर्वात जोरकस ठेका उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान येऊ द्या. मीटर लाल रंगाला टेकवायची काही गरज नाही.

वाद्यं आणि अडॅप्टर

बेंजो आणि सिंगल कॉइलची गिटार जन्मजात घूं करतात. पिकअप म्हणजे लोहचुंबकावर गुंडाळलेली तार. जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र तिला तारांच्या कंपनाइतकंच खरं वाटतं. वाद्य हातात धरून जागच्या जागी फिरा. घूं कमी-जास्त होत असेल तर हेच कारण. जिथे सर्वात कमी येते त्या दिशेला तोंड करून बसा आणि अँप्लिफायर, इन्व्हर्टर, अडॅप्टर यांपासून दीड-दोन मीटर लांब राहा.

तारांना हात लावला की घूं कमी होते? गिटारमध्ये ते नेहमीचं आहे, वादकाचं अंग अर्थला जोडलं जातं. हात लावला की घूं वाढते? मग तारांना अर्थच नाही किंवा जॅकच्या दोन तारा उलट्या लागल्या आहेत. बेंजोत हे बरेचदा दिसतं. ज्या धातूच्या पट्टीवर तारा अडकवलेल्या असतात तिच्यापासून जॅकच्या बाहीपर्यंत बीप यायला हवी. नसेल तर एक पातळ वायर आतून डाग देऊन लावली की काम होतं. बेंजो जुना आणि नाजूक असेल तर वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या.

ऑक्टापॅड आणि कीबोर्डचे अडॅप्टर हरवतात आणि त्यांच्या जागी बाजारातला स्वस्त अडॅप्टर येतो. व्होल्ट जुळले की लोक खूश. पण पिनची मधली बाजू अधिक आहे की उणे, आणि मिलिअँपिअर पुरेसे आहेत का, हेही बघावं लागतं. बॅटरीवर चालणारं वाद्य असेल तर सेल घालून एकदा वाजवा. शांत झालं तर अडॅप्टर बदला.

पैसे घालायचेच असतील तर

एवढं करूनही लूप राहिला असेल तर पहिला पैसा डीआय बॉक्सवर घाला. त्यात आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. सिग्नल चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो आणि अर्थची तार तोडता येते, त्यासाठीच ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण असतं. इथे तुटतो तो फक्त ऑडिओचा अर्थ, विजेचा नाही, म्हणून हे सुरक्षित. कीबोर्ड आणि ऑक्टापॅडला पॅसिव्ह डीआय पुरतो. बेंजो किंवा साध्या पिकअपच्या गिटारला ॲक्टिव्ह घ्या, नाहीतर आवाजातली चमक जाते. ॲक्टिव्हला मिक्सरचा ४८ व्होल्ट फँटम (माइकच्या केबलमधूनच येणारी वीज) किंवा बॅटरी लागते.

माउसबरोबर येणारी ‘चीं’ घालवायला ऑनलाइन यूएसबी आयसोलेटर मिळतात. त्यातले स्वस्त बहुतेक १२ एमबीपीएसचे असतात. आजचे बरेच इंटरफेस ४८० एमबीपीएसवर चालतात. ते त्या आयसोलेटरवर दिसतच नाहीत किंवा अडखळतात. खोक्यावरचा वेग वाचूनच घ्या. त्याआधी यूएसबी हब काढून थेट दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा, ते फुकट आहे.

घूं गेली नाही आणि गाणं आजच द्यायचंय

मग मिक्समध्ये मलमपट्टी. ५०, १००, १५०, २००, २५० हर्ट्झवर अरुंद नॉच (तेवढाच सूर कापणारा फिल्टर) लावा, क्यू (फिल्टर किती अरुंद ते सांगणारा आकडा) ३० च्या आसपास. गायकाच्या ट्रॅकवर ८० ते १०० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर) लावला की ५० ची कटकट मिटते, पण झर्रर राहते, ती नॉचनेच जाईल. ऑक्टापॅडचा किक, बेस आणि ढोलकीची धूम याच भागात राहतात, म्हणून त्यांच्यावर नॉच शक्य तेवढे कमी. तिथे ठोक्यांच्या मधल्या जागा कापून फेड दिलेले बरे.

नॉइज रिडक्शन वापरायचंच असेल तर प्रत्येक टेकच्या आधी दहा सेकंदांची शांतता घेऊन ठेवलेली असावी. ऑडॅसिटीत तो तुकडा निवडून नॉइज प्रोफाइल घ्या आणि मग ६ ते ९ डीबीच कमी करा. १८ ला नेलं की हंडा आलाच.

इन्व्हर्टर

लाईट गेली, इन्व्हर्टर लागला आणि घूंऐवजी कर्कश ‘झ्यांऽऽ’ सुरू झाली, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. गोल लाटेऐवजी पायऱ्या-पायऱ्यांची लाट देतो आणि त्या प्रत्येक कोपऱ्यातून वरचे सूर उडतात. प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेतल्याशिवाय यावर इलाज नाही. लॅपटॉप बॅटरीवर, ऑक्टापॅड सेलवर आणि माइक थेट इंटरफेसमध्ये, एवढ्यावर जेवढं रेकॉर्ड होईल तेवढं करा. बाकीचं लाईट आल्यावर. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, शेतीच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली-वर होतं. मोटारींच्या वेळा कळल्या तर सेशन त्यांच्या बाहेर ठेवा.

अर्थिंग, आणि इथे हात थांबवा

आता उन्हाळ्याचं कारण. घराच्या मागे जमिनीत पाइप पुरून, कोळसा-मीठ भरून अर्थिंग केलेलं असतं. ते काम करतं जमिनीतल्या ओलाव्यावर. तापीकाठची काळी माती उन्हात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ती पाइपपासून सुटते. पाइप तिथेच, पण मातीशी त्याची गाठ सुटलेली. पावसाळ्यात उणे ६५ वर असलेली घूं वैशाखात उणे ४५ वर का येते, याचं हे एक मोठं कारण.

अर्थ तुटला की चार्जर आणि कीबोर्डच्या आतले फिल्टरचे कपॅसिटर सगळ्यांच्या बॉडीला साधारण ११५ व्होल्टवर, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, लटकवून ठेवतात. करंट नगण्य असतो, पण मिक्सरवरून हात फिरवताना मुंग्या येतात आणि टेस्टर मंद पेटतो. त्या मुंग्या या गळतीच्या आहेत की फेज खरोखरच बॉडीला लागल्याच्या, हे हाताला कळत नाही आणि टेस्टरलाही कळत नाही.

घरबसल्या करण्यासारखं एवढंच : अर्थिंगच्या खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओता, तासाभराने पुन्हा तीस सेकंद रेकॉर्ड करा. आकडा खाली आला तर रोग समजला. सॉकेटमध्ये घालायचा तीन दिव्यांचा टेस्टर मिळतो, तोही लावून बघा. अर्थ तुटलेला असेल तर तो दाखवतो, न्यूट्रल आणि अर्थची अदलाबदल मात्र दाखवत नाही.

पुढचं काम परवानाधारक वायरमनचं. पुढीलपैकी काहीही दिसलं तर सेशन त्याच मिनिटाला बंद करायचं आणि मेन स्विच पाडून त्याला बोलवायचं : माइकला ओठ लागल्यावर चटका, गिटार हातात असताना दुसऱ्याला स्पर्श झाला की झिणझिण्या, कूलरच्या पत्र्याला मुंग्या, बोर्ड गरम होणं, जळका वास, आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) वारंवार पडणं. कूलरच्या पत्र्याला मुंग्या येतात आणि रेकॉर्डिंगला घूंही येते, अशी दोन्ही लक्षणं एका घरात असतील तर बहुतेक वेळा दोष एकच असतो.

वायरमन आला की त्याच्याकडून चार गोष्टी मोजून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये ३ व्होल्टच्या आत असावं. १०-१५ दिसत असेल तर गडबड आहे. आणि कूलर, मोटर सगळं चालू असतानाही अगदी शून्य येत असेल तर सॉकेट उघडायला सांगा. आत न्यूट्रललाच जोडतार मारून ‘अर्थ’ केलेला सापडू शकतो, आणि बाहेर न्यूट्रल तुटला की त्या अर्थमधून सगळ्या बॉड्यांवर फेज येते. चौथी, खड्ड्याचा रेझिस्टन्स अर्थ टेस्टरने मोजायचा. घरासाठी ५ ओहमच्या आत असावा असा रिवाज आहे. अर्थिंगचं भारतीय मानक आयएस ३०४३ आहे. वायरमनला हा क्रमांक माहीत असेल तर बोलणं लवकर संपतं. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्या.

अँप्लिफायरचा व्हॉल्यूम शून्य, इनपुटला काहीच नाही, तरी १०० हर्ट्झची झर्रर येते, तर त्याच्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकलेत. दर १० अंश उष्णतेमागे त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि पत्र्याच्या खोलीत मे महिना काढलेल्या अँप्लिफायरने बरंच सोसलेलं असतं. झाकण स्वतः उघडू नका. एसएमपीएसच्या (आजच्या हलक्या पॉवर सप्लायच्या) आत ३२५ व्होल्ट डीसी असतो आणि पिन काढल्यावरही तो काही वेळ तिथेच साठलेला राहतो. दुरुस्तीवाल्याला ‘इनपुट नसतानाही शंभरची घूं आहे’ एवढंच सांगा.

वायरमन गेल्यावर पुन्हा तीस सेकंद रेकॉर्ड करून फाइलला तारीख द्या. पुढच्या वर्षी आखाजीच्या पंधरा दिवस आधी खड्ड्यात पाणी ओतून तीच चाचणी घ्या.